घोडी कधी विणार? घटका तिची, घाई आपली



या पानावर दर अंकात लागण, खोडवा, खत, पाणी आणि तोडणी याच विषयांवर लिहायचा माझा रिवाज आहे. या खेपेला मात्र विषय वेगळा घेतला आहे. उसाच्या अधिकाऱ्याला घोडीचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण गट कार्यालयात तोडणीचा कार्यक्रम विचारायला येणारे सभासद चहा पिता पिता हळूच विचारतात, "साहेब, घोडीचे दिवस भरून गेले. इंजेक्शन देऊन मोकळी करावी का?" गेल्या दोन हंगामांत हा प्रश्न मला चौघांनी तरी विचारला. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच लिहावं असं ठरवलं. लिहिण्याला दुसरंही एक कारण आहे. ते पुढे येईलच.

आपला मुलूख पूर्वीपासून घोड्यांचा. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. आजही अकलूजचा दिवाळीतला घोडेबाजार, दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा बाजार आणि नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा इथे आपले लोक आवर्जून जातात. कुणी हौसेसाठी मारवाडी किंवा काठेवाडी घोडी आणतो, कुणी लग्नाच्या वरातीसाठी पाळतो. धनगर बांधवांची तट्टं तर रानोमाळ बिऱ्हाड वाहतात. घोडी गोठ्यात आली की ती कधीतरी गाभण राहते. मग आपण तिला म्हशीच्याच हिशेबाने मोजायला लागतो, आणि चूक तिथूनच सुरू होते.

बाळंतपण अर्ध्या तासाचं

गाय-म्हैस विताना तास-दोन तास जातात. शेजारच्याला हाक मारायला, डॉक्टरांना आणायला वेळ मिळतो. घोडीचं तसं नाही. पाण्याची पिशवी फुटली की साधारण वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. तिच्या कळा फार जोराच्या असतात. त्यात शिंगराचा पाय मुडपला असेल किंवा मान मागे वळलेली असेल, तर अर्ध्या तासात होत्याचं नव्हतं होतं. आपल्याकडे पशुवैद्यकीय डॉक्टर किती लांब असतात हे मी सांगायला नको. रात्री दीड वाजता फोन उचलून, गाडी काढून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत ते वस्तीवर पोहोचेपर्यंत तास जातो.

त्यातून घोडी विते रात्री. इंग्लंडमध्ये न्यूमार्केट भागातल्या पाचशे घोड्यांच्या नोंदी रोसडेल आणि शॉर्ट या दोघांनी १९६७ साली प्रसिद्ध केल्या. शंभरातल्या ८६ घोड्या संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात व्याल्या होत्या. आपल्या जुन्या मोतद्दारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. घोडी मूळची मोकळ्या माळावरची. विताना ती आडवी पडते, तेव्हा तिला पळता येत नाही. म्हणून माणसांची, कुत्र्यांची वर्दळ थांबेपर्यंत ती कळा काही काळ आवरून धरू शकते. तुम्ही बॅटरी घेऊन दर दहा मिनिटांनी तोंडावर उजेड पाडलात तर ती थांबते. तुम्ही चहाला घरात गेलात की व्याली म्हणून समजा.

म्हणून घोडीच्या बाबतीत "कधी विणार" हे आधी ओळखणं हेच अर्धं बाळंतपण आहे. लवकर विण्यासाठी काय द्यावं, हा प्रश्न त्याच्या फार मागून येतो.

तारीख धरताना होणारी चूक

घोडी साधारण ११ महिने गाभण असते. सरासरी ३४० दिवस धरावेत. तोंडी हिशेब सोपा आहे. भरवल्याच्या तारखेतून २५ दिवस मागे या, पुढच्या वर्षी तीच अंदाजाची तारीख. १८ फेब्रुवारीला भरवली तर पुढच्या वर्षी २४ जानेवारी.

पण हा अंदाजच आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हैस फार तर आठवडा-दहा दिवस इकडेतिकडे करते. घोडी ३२० दिवसांनी वितानाही दिसते आणि ३६५ दिवसांनीही. दोन्हीकडे शिंगरू ठणठणीत असू शकतं. थंडीत, लहान दिवसांत विणारी घोडी जास्त दिवस घेते. नर शिंगराला दोन-तीन दिवस जास्त लागतात. एखाद्या घोडीचं कूळच लांब दिवसांचं असतं. गेल्या वेतात तिने ३५० दिवस घेतले असतील तर या वेतातही ती तेवढे घेण्याचा संभव आहे. म्हणून दर वेताची भरवल्याची आणि व्याल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. लागणीची नोंद आपण ठेवतो, तशीच ही.

दुसरी गोष्ट. घोडी दोनदा दाखवली असेल तर तारीख नेहमी शेवटच्या वेळची धरावी. पहिल्यांदा राहिली नसेल तर साधारण २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. पहिली तारीख धरली तर तीन आठवड्यांची चूक होते. हे वाक्य मी साध्या शाईने लिहितोय, पण ते शिकायला मला फार महाग पडलं.

२०१९ सालची गोष्ट

माझ्या थोरल्या भावाची एक पंचकल्याणी घोडी होती. १० जानेवारी २०१९ रोजी तिला घोडा दाखवला. पुन्हा माजावर आली म्हणून ३१ जानेवारीला परत दाखवला. दादाने घरच्या कॅलेंडरवर पहिल्या तारखेला खूण केली होती, दुसरीला करायची राहिली.

डिसेंबर उजाडला. गळीत जोरात सुरू होतं. दादाच्या उसाची तोड आली, टोळी फडात उतरली. दिवसभर फडात आणि रात्री घोडीपाशी, असे चार दिवस गेले. घोडी काही विईना. गावातले एक जाणकार म्हणाले, "म्हशीला पान्हा सोडायला देतोस तेच सूत दे, तासात मोकळी होईल." दादाने मला फोन केला. म्हणाला, "तू शिकलेला, अधिकारी माणूस. द्यावं का?"

माझी पदविका शेतीची. जनावरांचा विषय आम्हाला होता, पण घोडीबद्दल त्यात दोन ओळीसुद्धा नव्हत्या. "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार" एवढं म्हणायला हवं होतं. मी गाळपाच्या बैठकीला निघालो होतो. कॅलेंडरवरची खूण विचारली. दादा म्हणाला, ३३६ दिवस झाले. मी म्हणालो, "दिवस भरलेत की. दे मग, काय होतंय."

त्या दिवशी १२ डिसेंबर होता. इंजेक्शन दिल्यावर तासाभरात घोडी व्याली. शिंगरू बारीक होतं. अंगावर लव रेशमासारखी मऊ, कान लुळे पडलेले, कपाळ पुढे आलेलं, पायांच्या सांध्यांत जोर नाही. ते उभं राहिलं नाही. सड तोंडात धरता येईना. घोडीच्या कासेत चीकही नव्हता, कारण कास भरलीच नव्हती. वार अडकली, ती डॉक्टरांनी सोडवली, म्हणून घोडी वाचली. शिंगरू तिसऱ्या दिवशी पहाटे गेलं.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "किती वेळा दाखवली होती?" तेव्हा कुठे दुसरी तारीख निघाली. ३१ जानेवारीपासून मोजले तर ३१५ दिवस होतात. घोडीचे दिवस भरलेच नव्हते. ती वेळेवर होती, घाई आमचीच होती.

दादाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तीन दिवस शिंगराचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजायचा त्याने प्रयत्न केला. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हा लेख.

कोवळं शिंगरू का जगत नाही

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं ते असं. कोकरू किंवा वासरू पोटात बरेच दिवस आधीपासून जन्माची तयारी करत असतं. शिंगराची तयारी अगदी शेवटच्या दोन ते पाच दिवसांत होते. त्याच्या मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीतून कॉर्टिसोल नावाचं द्रव्य एकदम वाढतं. त्याच्या जोरावर फुप्फुसं श्वासाला, आतडी दुधाला आणि पाय उभं राहायला तयार होतात. हे पाच दिवस कधी येणार हे कॅलेंडरला कळत नाही, ते शिंगरूच ठरवतं. त्याआधी बाहेर ओढलं तर दिसायला शिंगरू, पण आतून कच्चं.

गाईला शेवटच्या दिवसांत डॉक्टर स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन विण्याची वेळ आणू शकतात. घोडीवर तो उपाय भरवशाने चालत नाही. ऑक्सिटोसिन मात्र चालतं, आणि तिथेच धोका आहे. ते घोडीवर फार जलद काम करतं. पिशवी आकुंचन पावते, शिंगरू तयार असो वा नसो, बाहेर येतंच. गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली ती बाटली म्हशीसाठीसुद्धा ठेवू नये. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपाय होईल असं इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घोडीच्या बाबतीत तर ती बाटली म्हणजे जीवाशी खेळ.

आपल्या भाषेत सांगायचं तर कोवळा ऊस तोडला तर उतारा जातो, कोवळं शिंगरू ओढलं तर जीव जातो. लागणीची तारीख बघून आपण तोडीचा क्रम लावतो हे खरं. पण तोडीआधी फडात जाऊन ब्रिक्समीटर लावतोच ना? वरच्या आणि खालच्या कांड्यातला ब्रिक्स सारखा आला तरच ऊस पक्व झाला म्हणतो. घोडीचंही तेच. तारीख नुसती वही उघडण्यापुरती. पक्वता बघायची ती अंगावरच्या खुणांत आणि चिकात.

अंगावरच्या खुणा

एक – कास. विण्याच्या साधारण महिनाभर आधी कास धरायला लागते. आधी ती रात्री भरते आणि दिवसा फिरली की उतरते. पुढे ती दिवसाही भरलेली राहते. शेवटच्या चार-सहा दिवसांत सडही भरून येतात.

दोन – शेपटीचं बूड. शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडतात, तिथे खळगे दिसतात. हाताने दाबलं तर लोण्यासारखं मऊ लागतं. पोट खाली उतरतं, भकाळी आत जाते.

तीन – निरण. शेवटच्या दोन-तीन दिवसांत ती सैल, लांबट होते.

चार – सडांवरचं मेण. सडाच्या टोकाशी चिकाचे थेंब वाळून मेणासारखे पिवळट मणी दिसतात. हे बहुतेक घोड्यांत विण्याच्या एक-दोन दिवस आधी दिसतं. पण एखादी मेण दाखवून आठवडा काढते, एखादी न दाखवताच विते. पहिलारू घोडीवर फार विसंबू नये, तिच्या खुणा उशिरा आणि पुसट येतात.

एक इशारा. महिनाभर आधीच कास फुगून चीक गळू लागला तर ती आनंदाची खूण नव्हे. वारेला सूज आली असेल किंवा पोटात जुळं असेल. घोडीला जुळं पेलत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

चिकाची परीक्षा

अंगावरच्या खुणांपेक्षा चीक जास्त खरं बोलतो. विण्याआधी काही दिवस सडातून येणारा थेंब पातळ, पाणचट असतो. मग तो मधासारखा चिकट होतो, मग दाट आणि पांढुरका. त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, शेवटच्या एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढतो. शिंगरू आतून तयार झाल्याची ती सगळ्यांत भरवशाची खूण.

यासाठी बाजारात तयार संच मिळतात. बॉयलरच्या पाण्याची जडता आपल्या प्रयोगशाळेत मोजतात, त्याच जातीची ही परीक्षा. या संचावर कॅल्शियम कार्बोनेटचं प्रमाण दशलक्ष भागांत २०० च्या वर गेलं की बहुतेक घोड्या तीन दिवसांच्या आत वितात, निम्म्याच्या आसपास तर चोवीस तासांतच. आणि २०० च्या खाली असेल तर त्या रात्री तुम्ही बिनघोर झोपा, असा त्याचा दुसरा फायदा.

त्याहून स्वस्त उपाय पीएच कागदाचा. रसात चुना घातल्यावर सामू बघतात तोच प्रकार, फक्त कागद बारीक खुणांचा घ्यावा. चिकाचा सामू आधी ७ च्या वर असतो. विणं जवळ आलं की तो ६.४ किंवा त्याच्याही खाली उतरतो.

दोन गोष्टी सांभाळा. चीक काढायचा तो चार-सहा थेंबच, आणि रोज एकाच वेळी, संध्याकाळी. परीक्षेच्या नावाखाली कास पिळून काढली तर शिंगराचा पहिला घास जातो. दुसरं, घोडी लाथ मारणारी असेल तर हट्ट करू नका. तिच्या खांद्याशी ओळखीचा माणूस उभा करा, सवय आधीच्या पंधरवड्यापासून लावा.

तात्यांची घोडी

गेल्या काही वर्षांत हे सगळं मी वाचलं, विचारलं, वहीत उतरवलं. त्याचा उपयोग झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये.

आमच्या गटातले एक जुने सभासद आहेत, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी १८ फेब्रुवारी २०२३ ला घोडी भरवली होती, एकदाच. २४ जानेवारी आली आणि गेली. फेब्रुवारी लागला. गावात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे शिंगरू वाढून मोठं झालंय, आता अडणार. तात्यांच्या कारभारीणबाई तर हवालदिल झाल्या. तात्या कार्यालयात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "साहेब, आज इंजेक्शन देतोच. पुरे झालं."

मी म्हणालो, "तात्या, कास बघितली का?"

"बारीक आहे अजून."

"मेण?"

"न्हाई."

"मग इंजेक्शन कुणाला देताय? घोडीला का तुमच्या काळजीला?"

तात्या हसले नाहीत. मी मग त्यांना दादाच्या घोडीची गोष्ट सांगितली, जशी वर लिहिली तशी. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चला, दाखवा तुमचा कागद."

डॉक्टरांनी येऊन तपासलं. शिंगरू हलतंय, घोडी निरोगी, दिवस लांबले म्हणून घाबरायचं कारण नाही असं सांगितलं. दिवस लांबल्याने शिंगरू सहसा फार मोठं होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग रोज संध्याकाळी तात्यांचा नातू चार थेंब चीक काढून कागद लावी आणि मला फोनवर फोटो पाठवी. ७.२, पुन्हा ७.२, मग ७. नातवाने गोठ्यात एक साधा कॅमेरा बसवला, त्यामुळे घोडीला त्रास न देता घरातून बघता येई. ९ फेब्रुवारीला सडांवर मेण दिसलं. १० तारखेला संध्याकाळी कागद ६.४ वर आला. तात्यांनी डॉक्टरांना आणि मला सांगून ठेवलं. आम्ही रात्री ओसरीवर बसलो. जनावरांची वर्दळ बंद, दिवा मंद.

रात्री साडेबाराला घोडी फेऱ्या मारू लागली, कुशीकडे वळून बघू लागली, काखेत घाम आला. दीडच्या सुमाराला आडवी झाली, पाणी फुटलं. पांढुरक्या पडद्यात दोन पुढचे पाय, एक थोडा मागे, आणि त्यावर नाक. अगदी पुस्तकातल्यासारखं. बावीस मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर होतं. ३५८ वा दिवस. तात्यांच्या कारभारीणबाईंनी त्या अंधारातच देवापुढे दिवा लावला.

त्या अर्ध्या तासात काय बघावं

पाणी फुटल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पाय दिसले नाहीत, एकच पाय दिसला, किंवा तळवे वर असलेले पाय आले तर ताबडतोब डॉक्टरांना फोन करा. घोडीला उठवून सावकाश चालवत ठेवा. आपण ओढाओढ करू नका.

पांढुरक्या पडद्याऐवजी निरणीतून लाल, मखमलीसारखी पिशवी दिसली तर वाट बघू नका. वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा श्वास तुटतो आहे, असा त्याचा अर्थ. ती पिशवी जपून फाडून शिंगरू लगेच बाहेर घ्यावं लागतं. डॉक्टर फोनवर सांगत असतील तसं करा. या एका प्रसंगी थांबणं हीच चूक ठरते.

सगळं सुरळीत झालं तर हात मागे घ्या. नाळ कापू नका. माय-लेकरं थोडा वेळ तशीच पडून राहू द्या. घोडी उठली की नाळ आपली आपण तुटते. मग डॉक्टरांनी दिलेल्या सौम्य क्लोरहेक्झिडिनच्या पाण्यात नाळेचं टोक बुडवावं.

नंतरचा हिशेब एक-दोन-तीन असा लक्षात ठेवा. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत सडाला, तीन तासांत वार पडलेली. वार तीन तासांत पडली नाही तर म्हशीसारखी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घोडीला त्यातून ताप येतो, खुरांत दाह उतरतो. पडलेली वार फेकू नका, झाकून ठेवा. ती पूर्ण आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या.

चिकाला ब्रिक्समीटर

शिंगरू पोटात असताना त्याला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती सगळी चिकातून मिळतात. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेला तर उत्तम. दिवस उलटल्यावर आतडी ती द्रव्यं आत घेत नाहीत. चीक आधीच गळून गेला असेल तर वरून धष्टपुष्ट दिसणारं शिंगरू चार दिवसांत तापाने जातं.

तात्यांकडे त्या रात्री मी माझ्या पिशवीतून हँड ब्रिक्समीटर काढला तेव्हा सगळे हसले. उसाच्या फडात वापरतो तोच. स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, काचेवर चिकाचा एक थेंब टाकला आणि खिशातल्या बॅटरीच्या उजेडाकडे धरून बघितलं. चीक किती कसदार आहे हे त्यावर कळतं. वीसच्या वर वाचन आलं तर चीक चांगला, तीसच्या वर गेला तर फारच उत्तम. पंधराच्या खाली असेल तर डॉक्टरांना सांगून दुसऱ्या घोडीचा चीक किंवा दुसरी सोय लगेच करावी. वाचन मात्र शिंगरू प्यायच्या आधीच्या, पहिल्या धारेचं घ्यावं.

तात्यांच्या घोडीचं वाचन २४ आलं. तात्या म्हणाले, "साहेब, माझ्या खोडव्याला एवढा आला असता तर!"

इंजेक्शन कधीच नाही का?

असं मी म्हणत नाही. घोडीच्या पोटाचा आधार तुटला, पोटात पाणी साठलं किंवा मागच्या वेतात फार अडली होती, अशा वेळी डॉक्टर स्वतः हजर राहून कळा आणतात. पण त्यांच्या अटी कडक असतात. ३३० दिवस पुरे झालेले, कासेत चीक भरलेला, चिकातला चुना वाढलेला, गर्भाशयाचं तोंड मऊ पडलेलं आणि शिंगरू सरळ. एकही अट कमी असेल तर ते थांबतात. मात्रा किती द्यायची हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते कागदावर वाचून करायचं काम नव्हे.

आणि जाता जाता दोन गोष्टी. विण्याआधी चार-सहा आठवडे घोडीला धनुर्वाताची लस टोचून घ्या, तिचा गुण चिकातून शिंगराला मिळतो. आणि हंगामात वाढे फुकट मिळतात म्हणून गाभण घोडीला नुसत्या वाढ्यांवर ठेवू नका. वाढ्यांतलं ऑक्झलेट अंगातला चुना बांधून टाकतं. कोरडी वैरण, लसूणघास आणि डॉक्टर सांगतील ती क्षारमिश्रणं द्या. बुरशी आलेली वैरण तर दारातही आणू नका.

दादाच्या गोठ्यात आता पुन्हा घोडी गाभण आहे. या खेपेला कॅलेंडरवर एकच खूण आहे, शेवटच्या तारखेची. पीएच कागद त्याने आत्तापासून आणून ठेवलाय. परवा फोनवर म्हणाला, "या वेळी तुला विचारणार नाही, डॉक्टरांना विचारणार." मला बरं वाटलं.

ज्या सभासदांकडे गाभण घोडी आहे त्यांनी भरवल्याची शेवटची तारीख आजच वहीत लिहावी, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. चिकाची परीक्षा करायची झाली तर ब्रिक्समीटर आमच्या गट कार्यालयात आहे. हंगामात तो फडात असतो, पण रात्री मोकळाच असतो. आणि घोडीही रात्रीच विते.

– ऊस विकास अधिकारी